पुरवणी जोडू नये

आस्थापना विभागाला खिडक्या तीन, उघडते एक.
बेन्वे नदी तिथून दिसत नाही,
पण मार्च लागला की तिच्या सुकत्या चिखलाचा वास
दुपारचा न सांगता फायलींत येऊन बसतो.

मी तेर्सूर. हुद्दा : सहायक, कार्यमूल्यमापन.
माकुर्डीच्या या विद्यापीठात कोण किती काम करतं
ते मला ठाऊक असणार,
असा एक समज आहे.

फॉर्म दरसाल तोच. पिवळा, आठ पानी.
घेतलेले तास. छापून आलेले निबंध.
वक्तशीरपणा, पाचपैकी.
पुढाकार, पाचपैकी.
वरिष्ठांशी वागणूक, तीही पाचपैकी,
आणि तिथे सगळ्यांना चारच पडतात.
शेवटी, कामातल्या अडचणी. रेघा दोन.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात :
पुरवणी जोडू नये.

लोक जोडतातच.

मृदाशास्त्राच्या डॉक्टर म्बालामेन ग्बा
यांनी गेल्या वर्षी सहा पानं जोडली होती,
परीक्षेच्या उरलेल्या उत्तरपत्रिकांवर, निळ्या शाईत.
वर्ग नव्वदांचा, मुलं तीनशे बारा,
न मावलेली बाहेर आंब्याखाली उभी,
म्हणून मी उत्तरेच्या खिडकीशी तिरकी उभी राहून शिकवते,
कुणाकडेच पूर्ण पाठ होत नाही. मान दुखते.
संपाच्या आठ महिन्यांत पगार नव्हता,
प्रयोगशाळेतला फ्रीज बंद पडू नये
म्हणून शिलाई मशीन विकलं, डिझेल घेतलं.
आत एकवीस गावांची माती होती.
त्यांतल्या पाच गावांत आता कुणी राहत नाही,
पुन्हा जाऊन आणता येणार नाही ती.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळवावं.

मी कळवलं नाही.
नियमाप्रमाणे पिन काढली, पानं वेगळी केली.
फाडायची होती.
ती २००९ च्या रजा-नोंदवहीत आहेत,
जी कुणी उघडत नाही.
पिना मी दुधाच्या पावडरीच्या डब्यात टाकतो,
बावीस वर्षांच्या. डबा उचलायला आता
दोन्ही हात लागतात.

परवा एक मुलगा आला, पीएच.डी.चा,
बुटांवर लाल धूळ, हातात प्रश्नावली :
मनुष्यबळ व्यवस्थापन आणि अध्यापकांची कामगिरी.
पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही...
त्याचे स्वतःचे मार्गदर्शक कॅनडात निघून गेलेत,
मेलला तीन आठवड्यांनी उत्तर येतं, तेही थंडीबद्दल.
म्हणाला, तक्रारींची आकडेवारी मिळेल?
म्हटलं, तक्रारी नाहीत. पिना आहेत.

वाटलं, हसेल. तो खाली बसला
आणि मोजायला लागला.
वीज गेली, मोबाइलच्या उजेडात मोजत राहिला,
दहा-दहाचे ढीग, गंज बोटांना.
चार हजारांवर कुठेतरी थांबला.
तक्त्यात कुठे बसवू हे, त्यानं विचारलं.
मी त्याला शेंगदाणे दिले.
आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

डॉक्टर ग्बांचा यंदाचा फॉर्म काल आला.
मुदतीच्या दोन दिवस आधी. नीटनेटका.
अडचणींपुढे : काही नाही.
दुसरी रेघ कोरी.

साहेब खूश होतील. मीही शिक्का उचलला,
मग का कोण जाणे, फॉर्म उजेडाला धरला,
त्या एका उघडणाऱ्या खिडकीशी, थोडा तिरका उभा राहून.
डाव्या कोपऱ्यात दोन बारीक भोकं होती,
शेजारी शेजारी.
पिन मारलेली.
काढलेली.
माझ्या हातची नव्हती.